पुढच्या गाडीचा भरमूआण्णा

भरमूआण्णाच्या मिशीच्या दोन्ही टोकांवर एकेक पोपट बसायचा असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून एकच बसायचा असं सांगतो. मी त्या वेळी काळी नदीच्या काठच्या सुप्याच्या शाळेत मास्तर होतो आणि मास्तराने मोजताना हात आखडता घेतलेला बरा. बाकीची हकिकत घडली तशीच सांगणार आहे. जिथे ती जरा बुटकी वाटली तिथे तिच्या पायाखाली एखादी वीट सरकवली असेल, एवढंच.

भरमूआण्णा मूळचा खानापूरकडचा, पण त्याचा बाप बैलगाडी घेऊन सुप्याला लाकूड ओढायला आला आणि इथलाच झाला. भरमूआण्णाही गाडीवानच. आवाज असा की त्याने काळी नदीच्या अलीकडच्या काठावर शिंकलं तर पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहत. बोलण्यात थापा तर अशा की आमच्या पंक्तीला तो जेवायला बसला की मला स्वतःला गप्प बसावं लागे, आणि हे काही सोपं नव्हे.

पण गंमत अशी, की तालुक्यातल्या या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या माणसाची गाडी सगळ्यात मुकी होती. तिचा आस कधी कुरकुरला नाही. गाडी अंगणात येऊन उभी राहायची आणि बैलाने गंजीतला पेंढा ओढला की घरच्यांना कळायचं, आलेत म्हणून. अणशीच्या घाटात एकदा ही गाडी झोपलेल्या वाघाला वळसा घालून गेली आणि वाघाला पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो पुढच्या वळणावर भरमूआण्णा ही गोष्ट मागच्या गाडीवाल्याला ओरडून सांगायला लागला तेव्हा.

या मुक्या आसाचं रहस्य त्याची बायको पारव्वावहिनी. त्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया कुटून उकळत आणि वर आलेलं तेल गाळून घेत. ते थंड झालं की मेणासारखं पांढरं थिजतं. मग मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. आमच्याकडे टाचांच्या भेगांना मुठेल, उललेल्या ओठांना मुठेल, गरम भातावरही मुठेल. भरमूआण्णाने त्यापुढे मजल मारली होती. गाडीच्या आसाला तो मुठेलच चोळायचा. "वंगण काय, कुणीबी लावतंय. मुठेलाला घरचा हात लागतोय, मास्तर," असं म्हणायचा. पाढे न येणाऱ्या पोराच्या टाळूलाही मुठेल चोळायला त्याने मला सांगितलं होतं. मी चोळलं. पोराला पाढे आले नाहीत, पण केस असे वाढले की पुढे त्याने जटा सोडल्या.

या मुकेपणाला गावात मोठा मान होता. माघात उळवीच्या जत्रेला सुप्याहून गाड्यांची रांग निघे. वाट सगळी रानातून. रांगेत सर्वात पुढे जी गाडी, तिचा आस रडता कामा नये अशी रीत. कारण पुढच्या गाडीवानाला रान ऐकू यायला हवं. कडाकड बांबू मोडले तर हत्ती, वानरं ओरडली तर वाघ. जिचा आस जास्त कुरकुरतो ती गाडी जास्त मागे. त्यामुळे बुधो वेळीप या म्हाताऱ्या कुणब्याची गाडी कायम शेवटी. तिचा आवाज उळवीच्या पुजाऱ्याला आदल्या दिवशी ऐकू येई आणि तो नैवेद्याची तयारी करी. पण गाड्यांचा क्रम ठरवायचा तो बुधोनेच. सर्वात मागचा माणूस सगळ्यांचे आस ऐकतो, म्हणून न्याय त्याच्याकडे. आणि भरमूआण्णा कितीतरी वर्षं पुढे. हा पुढच्या गाडीचा मान सोडला तर त्याला जगात कशाचाही गर्व नव्हता. म्हणजे बाकी ज्याचा होता त्याला आपण गर्व न म्हणता आवड म्हणू.

तर अशा माणसाने कॅसलरॉकच्या स्टेशनात लाकूड उतरवताना मोटारलॉरी बघितली आणि तो खुळावला. मल्ल्या आणि बसव्या हे बैल खानापूरच्या मेव्हण्याला देऊन टाकले आणि ऐन दसऱ्याला बेळगावच्या मोटारपेढीतून लॉरी घेऊन आला. आमच्या तालुक्यातली ती पहिली. पहिली नसेल तर सगळ्यात मोठ्याने आलेली. पारव्वावहिनींनी तिच्या चाकांवर पाणी घातलं, दिव्यांना कुंकू लावलं. भरमूआण्णा तिच्याशी कानडीत बोलायचा, कारण बैलांशी तो कानडीतच बोलत आला होता. चढावर "नडी तम्मा, नडी," म्हणजे चल रे भावा, चल, आणि थांबवताना पायाने ब्रेक दाबायच्या ऐवजी हातातलं स्टिअरिंगचं चक्र छातीशी ओढून "हो... हो..." त्यापायी डाकबंगल्याचं कुंपण दोनदा गेलं.

दिवाळीच्या सुमाराला लॉरी रडायला लागली.

रडायला म्हणजे काय, हे मी किती सांगू? पहाटे हँडल मारून इंजिन सुरू केलं तर ते ठीक. पण लॉरी हलली रे हलली, की मागच्या चाकांच्या मधून, आसाच्या पोटातून, असा हंबरडा उठायचा की वासरू हरवलेल्या म्हशीनेसुद्धा लाजावं. इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चाकांचा एक लोखंडी गोळा मागच्या आसाच्या मध्यावर असतो. आमच्याकडे त्याला भोपळा म्हणत. रडायचा तो हा भोपळा. चार-पाच मैल रडायचा, मग हुंदके, मग गप्प.

गाडीवानांना आयतंच सापडलं. "भरमूआण्णा, लॉरी सासरला निघाली काय वो? लईच रडतीया की!" "माहेरची आठवण आली असंल. बेळगावला सोडून ये तिला!"

भरमूआण्णा उलट उत्तर देईना. तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

बुधो वेळीप एका सकाळी काठी टेकत आला, लॉरीचं रडणं उभ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भरमू, पुढचं धूड वरडतंय ते चालंल. तो तुझा बैल. बैल हंबरणारच. पण आस रडता कामा न्हाई. जत्रेपर्यंत गप्प कर, न्हाई तर माझ्या मागनं यावं लागंल."

"आज्जा, माझा आस कधी रडलाय?"

"आत्ता रडतोय त्यो कुणाचा?" बुधो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी भरमूआण्णाने लॉरी बेळगावला काढली आणि साक्षीदार म्हणून मला घेतलं. "मास्तराच्या शब्दाला वजन असतंय," म्हणाला. आता सबंध तालुक्यात त्याच्याहून वरचढ थाप मारणारा एकच माणूस होता आणि त्याने नेमका तोच साक्षीला निवडला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

पेढीचे मॅनेजर मुतालिकसाहेब. काळी टोपी, लांब कोट, बोलणं असं मऊ की नकार दिला तरी आपण आभार मानून बाहेर यावं. चहा आला. भरमूआण्णाने बशीत ओतून सगळ्या पेढीला ऐकू जाईल असा प्यायला आणि तक्रार सांगितली. मुतालिकांनी पेद्रू मिस्त्रीला हाक मारली. पेद्रू गोव्याचा. पायात बूट, केसांना तेल, आणि डोकं मोटारीखाली असलं की गाणं तोंडात. त्याने लॉरी घेतली आणि कॅम्पाला चक्कर मारून आला.

"कितें रे बाबा? लोण्यासारखी चालते."

खरोखरच चूं नव्हतं. सुप्याहून रडत निघालेली लॉरी लोंढ्याच्या अलीकडेच शांत झाली होती आणि बेळगावात नव्या नवरीसारखी मान खाली घालून उभी होती.

"मास्तर, तुम्ही सांगा की वो!" भरमूआण्णा कळवळला.

मी सांगितलं. आवाज एवढा असतो की परवा कॅसलरॉकला आगगाडीच्या ड्रायव्हरला आपलीच शिटी परत आल्यासारखी वाटली आणि त्याने गाडी थांबवून डबे मोजले. इथपर्यंत मुतालिकांचा चेहरा सहानुभूतीचा होता. यानंतर तो नुसता सभ्य राहिला.

"भरमाण्णा, तेल वेळच्या वेळी घालता ना?" त्यांनी विचारलं.

"तेलात कसूर न्हाई साहेब. पोटच्या पोरागत घालतोय. रडली की घालतोय."

पेद्रूने भोपळ्याची चकती काढून बोट बुडवलं, चटका बसून झटकलं आणि म्हणाला, "काठोकाठ आसा."

"मग असं करा," मुतालिक म्हणाले, "लॉरी दोन दिवस इथे सोडून जा. आम्ही सावकाश बघतो."

भरमूआण्णा उभाच राहिला. "साहेब, आमी जनावर परक्या दावणीला बांधत न्हाई."

"अहो, हे जनावर नाही."

"तुमास्नी न्हाई."

ही गाडीवानांची जुनी रीत. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात रात्रभर एकटा ठेवायचा नाही. तो बिथरतो, दुसऱ्याच्या हाताची वैरण खातो, परत आला की तुमचा राहत नाही. मुतालिकांनी समजावलं, पेद्रू हसला, पण भरमूआण्णा त्याच दुपारी लॉरी घेऊन निघाला. मुक्कामाला आम्ही खानापूरला त्याच्या बहिणीकडे उतरलो, आणि सकाळी लॉरीने बहिणीच्या दारात असा गळा काढला की शेजारच्या बायका पदर डोळ्याला लावून विचारायला आल्या, कोण गेलं? भरमूआण्णाने ती तशीच रडती माघारी बेळगावकडे पळवली. "आत्ता ऐकवतो त्यास्नी!" बेळगावच्या वेशीपाशी पोचेपर्यंत ती हुंदके देत होती. पेढीच्या दारात गप्प. मुतालिकांनी पुन्हा चहा मागवला.

अशा फेऱ्या किती झाल्या ते विचारू नका. पेढीतला चहावाला भरमूआण्णाला बघूनच आधण ठेवायला लागला. शेवटी शेवटी पेद्रू गाडीला हातही लावीना. नुसता दाराशी कान दिल्यासारखं करून म्हणायचा, "व्हय, व्हय, रडता मगो, बिचारी!" आणि सगळी पेढी हसायची. एक गोष्ट मात्र मी बघितली होती आणि तिचा अर्थ मला लागला नव्हता. सुप्याला लॉरी उभी असली की गावातली दोन-तीन कुत्री मागच्या आसाखाली बसून भोपळा चाटत असायची. मला वाटलं, त्यांनाही कीव आली असेल.

माघ तोंडावर आला. शेवटच्या फेरीला भरमूआण्णाने चहा घेतला नाही. आवाज खाली आणून तो बोलला. इतका खालचा आवाज त्याच्याकडे होता हेच मला माहीत नव्हतं.

"साहेब, मी जन्मभर लई थापा मारल्या. वाघाची मारली, हत्तीची मारली. हे एवढं एकच खरं बोलाय लागलोय, तर कुणी ऐकून घेईना झालंय. लॉरी हितं ऱ्हायची न्हाई. तुमचा माणूस माझ्याकडं येऊ दे. एक सकाळ. न्हाई रडली तर मी पुन्हा ही पायरी चढायचा न्हाई."

मुतालिकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "पेद्रू, हत्यारं घे," ते म्हणाले. "आणि त्या नव्या डब्यातलं तेलही घे बरोबर."

पेद्रू कुरकुरत आला. वाटेत गाणंही नव्हतं. पण सुप्याला पारव्वावहिनींनी नदीचे मासे तळले होते, गरम भातावर मुठेल सोडलं होतं. तीन वेळा भात घेतल्यावर पेद्रूला कंठ फुटला. जेवून बूट काढून बसला तर टाचा अशा फुटलेल्या की एकेका भेगेत आणा लपवावा. वहिनींनी आतून पांढरा गोळा आणून दिला. "चोळ रे दादा. सकाळपर्यंत मऊ पडतीया बघ." पेद्रूने चोळला, हुंगला, पुन्हा चोळला आणि तिथेच घोरायला लागला.

सकाळी धुकं असं की लॉरीचं नाक दिसत होतं तर शेपूट नव्हतं. गाडीवान जमले होतेच. बुधो काठीवर हनुवटी ठेवून उभा. भरमूआण्णाने हँडल मारलं, वर चढला, आणि "नडी तम्मा" म्हणाला.

लॉरी रडली. अशी रडली की पेद्रूच्या तोंडातली विडी खाली पडली. धुकं जरा बाजूला सरल्यासारखं मला वाटलं.

भरमूआण्णाने लॉरी तिथेच थांबवली, उडी मारली आणि पेद्रूला खांद्याला धरून गदगदा हलवलं. "ऐकलास? ऐकलास का न्हाई? मोठ्यानं सांग! ह्या सगळ्यास्नी सांग!"

"आयकलें रे बाबा, आयकलें! सोड!"

"रडतीया का न्हाई?"

"रडता! देवाशपथ रडता!"

भरमूआण्णाने सगळ्या गाडीवानांकडे असं बघितलं, जणू लॉरीने त्याची आरती म्हटली होती.

पेद्रू खाली शिरला. भोपळ्यामागचं झाकण खोललं. तेल घ्यायला खाली घमेलं धरलं होतं, पण थेंब पडला नाही. आत पांढरंशुभ्र काहीतरी थापलेलं, दह्यासारखं घट्ट, आणि त्यात दातेरी चाकांनी आपल्यापुरती एक वाट कोरून घेतलेली, उंदराने खोबऱ्यात कोरावी तशी. त्या वाटेत चाकं कोरडी ठणठणीत. पेद्रूने बोटाने एक गोळा काढला. हुंगला. खाली बसला, एक बूट काढला, आपली टाच हुंगली. मग हळूच मान वर करून त्याने पारव्वावहिनींकडे बघितलं.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "माझं मुठेल!"

सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला. लॉरी आल्या आल्या भरमूआण्णाने पेढीचं काळं तेल, "मढ्याला लावायची घाण," म्हणून ओतून टाकलं होतं आणि मुठेल पातळ करून घातलं होतं. दिवाळीची थंडी पडली तसं रात्री ते घट्ट थिजायला लागलं. सकाळी चाकं कोरडी फिरत बोंबलायची. पाच मैलांनी आस तापला की मुठेल वितळून चाकांवर यायचं आणि लॉरी गप्प. बेळगावात पोचेपर्यंत सगळं पातळ, सोनेरी, काठोकाठ. आणि लॉरी रडली की भरमूआण्णा काय करायचा? पोटच्या पोरागत आणखी मुठेल. एक रात्र जरी तो तिला परक्या दावणीला सोडता, तरी दिवाळीतच उलगडा झाला असता.

पेद्रूने गरम पाण्याने आणि घासलेटने भोपळा धुतला, डब्यातलं काळं तेल घातलं. लॉरी फिरवून आणली. मोठा हंबरडा गेला होता, पण एक बारीक, नाकातलं रडणं उरलं होतं. दात झिजले होते. नवीन दातेरी चाकं विलायतेहून यायची, म्हणजे जत्रा होऊन जाणार.

तेवढ्यात बुधोने काठी आपटली. "मिस्त्री, एक सांग. सुताराची चूक का गाडीवानाची? सुताराची असंल तर भरमूचा मान जात न्हाई. लाकूडच वाईट मिळालं त्याला गाडीवान काय करंल? गाडीवानाची असंल तर मागं."

पेद्रूने भरमूआण्णाकडे बघितलं. आत चुलीवर पुन्हा मासे तळले जात होते, त्या वासाकडेही बघितलं. आणि बूट घालत म्हणाला, "सुताराची. दात मुळात कच्चे आसले. कंपनीक मी तशेंच सांगतां. मुठेलान कितें बिघडता?"

गाडीवानांत कुजबुज झाली. बुधोची मान होकाराने हलायला लागली होती. भरमूआण्णाने नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण ते काम त्याला कधी जमलं नव्हतं.

"थांब," तो पेद्रूला म्हणाला. "दिवाळीपासनं खरं सांगत हिंडतोय. आत्ता कुठं त्याला साक्षीदार गावलाय. त्यात खोटं कालवू नगो." आणि मग बुधोकडे वळून, नेहमीच्या, म्हशी उठवणाऱ्या आवाजात, "आज्जा, गाडीवानाची चूक! मुठेल मी घातलं. ह्या सगळ्या मुंबई इलाख्यात लॉरीला मुठेल पाजणारा दुसरा कोण असंल तर दाखवा!"

दाखवायला कोणी नव्हतंच.

उळवीच्या जत्रेतला तो माझ्या डोळ्यांपुढचा शेवटचा भरमूआण्णा. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि त्याला पुन्हा बघायचा योग आला नाही. मी त्या वर्षी बुधोच्या गाडीत पाय मागे सोडून बसलो होतो. पुढे गाड्यांची रांग, सर्वात पुढे कुणीतरी दुसराच. आमची गाडी शेवटून दुसरी, नेहमीप्रमाणे सबंध रान डोक्यावर घेत चाललेली. तिच्या मागे लॉरी. गाड्यांच्या धुळीने भरमूआण्णा असा माखला होता की मिशी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. लॉरीचं ते बारीक रडणं आमच्या आसाच्या कुरकुरीत बुडून गेलं होतं. एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

एका ओढ्यापाशी रांग थांबली. भरमूआण्णा खाली उतरला. सीटखालून फडक्यात बांधलेला पांढरा गोळा काढला, आमच्या गाडीपाशी येऊन वाकला आणि चाकाची खीळ काढून बुधोच्या आसाला मुठेल चोळायला लागला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. सावकाश, अंगठ्याने, आतपर्यंत.

"कशाला रे?" बुधोने वरूनच विचारलं.

"कान किटलं, आज्जा."

रांग हलली. बुधोची गाडी जन्मात पहिल्यांदा मुकी चालली. बैलसुद्धा एकदा मागे वळून बघते झाले. मग त्या सगळ्या रानात, त्या ओढ्यापासून उळवीपर्यंत, एकच आस रडत होता आणि तो कुणाचा ते पुढच्या गाडीपर्यंत स्पष्ट ऐकू जात होतं. भरमूआण्णाने मिशीवरची धूळ झटकली आणि भोंगा वाजवला.